पुस्तिका नसली की जॉबर येतो

मुंबईत सात रस्त्यावरून लोअर परळ स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचे अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो डिलाईल रोडच राहिला. विसाव्या शतकाचा मोठा काळ या रस्त्याच्या आजूबाजूला कापडगिरण्या, बीडीडी चाळी आणि रेल्वेचा कारखाना असे कामगारांचे जग होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. आज मथुरादास मिलच्या आवारात कार्यालये आहेत आणि अपोलो मिलच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. जेथे मागांचा खडखडाट चाले, तेथे आता संगणकाच्या कळा वाजतात.

यंत्र बदलले, पण यंत्रापुढे बसलेल्या माणसाची एक अडचण बदलली नाही. यंत्र कसे चालते, ते अडले तर काय करायचे, हे त्याच्या भाषेत आणि त्याच्या हाती राहील असे लिहून त्याला कोणी देत नाही. सॉफ्टवेअरसोबत येणारी, किंवा यायला हवी अशी, माहितीपुस्तिका हा या लेखाचा विषय आहे. हा विषय किरकोळ समजला जातो. आज्ञावली लिहून झाली, तपासून झाली, विकूनही झाली की मग उरलेल्या वेळात कोणीतरी पुस्तिका 'उरकतो'. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. जे ज्ञान लिहून ठेवलेले नसते ते नाहीसे होत नाही; ते कोणा एकाच्या मुठीत जाते, आणि मग बाकीच्यांना त्याच्या दाराशी उभे राहावे लागते. हे नीट समजून घ्यायचे तर आधी गिरणीत डोकवावे लागेल.

जॉबरच्या हाती काय होते?

मुंबईच्या गिरण्यांतील जुनी यंत्रे मुख्यतः लँकेशायरहून आली. त्यांच्यासोबत आलेली तांत्रिक माहिती इंग्रजीत होती. यंत्रे चालवणारी माणसे रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेली. त्यांतल्या अनेकांना मराठीही वाचता येत नव्हते. या दोहोंच्या मध्ये जॉबर उभा होता. तो स्वतः कामगारांतूनच वर आलेला असे. माणसे कामावर घेणे, त्यांच्याकडून काम करून घेणे आणि बिघडलेला माग पुन्हा चालू करून देणे, ही तिन्ही कामे त्याच्याकडे असत. माग बंद पडला की विणकराची मजुरी बुडे, आणि माग केव्हा दुरुस्त होणार हे जॉबरच्या मर्जीवर असे. नोकरीसाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे, ती वेगळीच.

हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी १९२९ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे ते नारायण मल्हार जोशी त्या आयोगाचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालाने जॉबरच्या हाती एकवटलेल्या अधिकारावर टीका केली आणि कामगारभरती त्याच्याकडून काढून घेऊन त्यासाठी कामगार अधिकारी नेमावा असे सुचवले. जोशी यांनी स्वतः १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली होती, आणि या संस्थेने कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवली. एकाच रोगावरचे हे दोन उपाय होते असे आम्हांला वाटते. पहिल्याने अधिकार एका हातातून काढून दुसऱ्या हाती दिला. दुसऱ्याने वाचण्याची ताकद ज्याच्या त्याच्या हाती दिली.

जॉबर हा सगळा खलपुरुष नव्हता. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकाराने दाखवून दिले आहे की, गावाहून आलेल्या माणसाला खोली, उधारी, ओळखपाळख यांसाठी जॉबर उपयोगी पडे आणि त्याची सत्ताही वस्तीतल्या लोकांच्या पाठिंब्यावर अवलंबून असे. शिवाय मागाचे काही ज्ञान आवाजावरून, हाताच्या अंदाजाने येते. ते कोणत्याही पुस्तकात पूर्ण मावत नाही. पण जे मावण्यासारखे होते तेही लिहिले गेले नाही, हा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही.

आता आपल्या शाळेकडे पाहू. बहुतेक शाळांत 'संगणकातले कळणारा' एक शिक्षक किंवा लेखनिक असतो. निकालपत्रक छापायचे, विद्यार्थ्यांची माहिती भरायची, प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करायची, की सगळे त्याच्याकडे धावतात. तो रजेवर गेला तर काम थांबते. शाळेबाहेर अर्ज भरून देणारी दुकाने आहेत. घरांच्या सोडतीचा असो वा शिष्यवृत्तीचा असो, अर्ज 'सर्वांसाठी खुला' असतो. पण तो कसा भरायचा हे कळेल असे लिहिलेले नसल्यामुळे पैसे देऊन भरून घ्यावा लागतो. ही माणसे वाईट नाहीत. जॉबरप्रमाणेच ती एका रिकाम्या जागेत उभी आहेत, आणि ती जागा पुस्तिकेची आहे.

खूण कोठे करायची?

चांगली पुस्तिका कशी ओळखायची? पहिली कसोटी अशी की, वापरणाऱ्याच्या मनात जो प्रश्न येतो, तेथून पुस्तिका सुरू झाली पाहिजे. या कसोटीवर नापास झालेले एक ठळक उदाहरण मराठी माणसाने अनुभवले आहे.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपी या प्रणालीत देवनागरी लिहिण्याची सोय होती. 'मंगल' नावाचा टंक होता आणि युनिकोडचा आधारही होता. परंतु ही सोय आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश व भाषा यांच्या विभागात जाऊन, भाषांच्या पानावर एका चौकटीत खूण करावी लागे, आणि मूळ सीडी घालावी लागे. त्या चौकटीपुढे लिहिलेले होते की, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फायली बसवा. कंसात थाई भाषेचाही उल्लेख होता. मराठी उजवीकडून डावीकडे लिहीत नाहीत. ती थाईही नाही. आणि संगणकशास्त्रात आपल्या लिपीला 'कॉम्प्लेक्स' म्हणतात हे एखाद्या शाळेतल्या बाईंना कसे कळावे? मराठी हा शब्द जेथे शोधावा तेथे तो नव्हता.

परिणाम असा झाला की, यंत्रात सोय असूनही ती आहे हे अनेकांना वर्षानुवर्षे कळले नाही. लोक जुन्या पद्धतीचे टंक वापरत राहिले. त्या टंकांत प्रत्येक कंपनीचे अक्षरांचे क्रमांक वेगळे असत. एका संगणकावर लिहिलेला मजकूर तोच टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. व्हिस्टा या २००७ च्या आवृत्तीपासून ती खूण करण्याची गरज उरली नाही. पण तोपर्यंत साठलेला मजकूर, आणि 'मराठी म्हणजे अमुक टंक' ही सवय, मागे राहिली. सोय करायला अभियंत्यांचे मोठे कष्ट लागले असतील. ती आहे हे सांगायला मराठीतले एक पान पुरले असते.

दर्या आणि दऱ्या

दुसरी कसोटी: पुस्तिकेने नुसती यादी देऊ नये, रचना समजावून सांगावी. येथे उदाहरण इनस्क्रिप्ट या कळपाटाचे घेऊ. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिपींसाठी तो प्रमाण म्हणून ठरवला. तो शिकवताना बहुधा कळपाटाचे चित्र हातात दिले जाते: या कळीवर हे अक्षर, त्या कळीवर ते. पाहणारा घाबरतो आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या पद्धतीकडे वळतो.

वास्तविक या कळपाटाची रचना पहिलीच्या वर्गातल्या वर्णमालेवर उभी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्टसह ख; ग च्या कळीवर शिफ्टसह घ; त च्या कळीवर थ; प च्या कळीवर फ. म्हणजे अल्पप्राण वर्ण साध्या कळीवर आणि त्याचा महाप्राण जोडीदार शिफ्टसह. स्वरांच्या बाजूला साधी कळ मात्रा देते आणि शिफ्टसह तीच कळ पूर्ण स्वर देते: काना आणि आ एकाच कळीवर आहेत. हे एकदा सांगितले की निम्मा कळपाट पाठ न करताच कळतो. चित्र देणे म्हणजे माहिती देणे; ही दोन-चार वाक्ये सांगणे म्हणजे समजावणे. वर्णमाला शिकवणाऱ्या शिक्षकाला हा फरक वेगळा सांगायला नको.

त्याच कळपाटावरची एक मराठी अडचण पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांतल्या फरकाने गुरुजींचा स्वयंपाकी होतो. र, हलन्त आणि य अशा क्रमाने कळा दाबल्या की रफार येतो आणि 'दर्या' उमटते. 'दऱ्या' हवे असेल तर र ऐवजी शिफ्टसह तीच कळ दाबून खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इंग्रजी कळांच्या भाषेत सांगायचे तर 'दर्या' साठी ओ, जे, डी, तिरपी रेघ, ई. 'दऱ्या' साठी तोच क्रम, फक्त जे शिफ्टसह. फरक एका शिफ्टचा आहे.

दुसराही एक मार्ग आहे: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. दोन्ही मार्गांनी लिहिलेले शब्द पडद्यावर सारखेच दिसतात. संगणकाच्या पोटात मात्र ते वेगवेगळ्या क्रमांकांनी साठतात. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला 'दुसऱ्या' हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. हे सर्व युनिकोड मानकाच्या देवनागरीवरील प्रकरणात फार पूर्वीपासून लिहिलेले आहे. पण ते आहे इंग्रजीत, आणि टंक व आज्ञावल्या तयार करणाऱ्यांसाठी. प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या शिक्षकासाठी ते लिहिलेले नाही. म्हणून अनेकांनी 'संगणकावर हे अक्षर येतच नाही' असा समज करून घेतला आणि शब्दच बदलले. लेखन यंत्राला शरण गेले, ते यंत्राच्या दोषामुळे नव्हे, न लिहिलेल्या एका परिच्छेदामुळे.

येथे एक उपयुक्त वर्गीकरण सांगतो. डॅनिएले प्रोचिदा यांनी माहितीपुस्तिकेतील मजकुराचे चार प्रकार मांडले आहेत: नवख्यासाठी धडा, विशिष्ट काम करण्याची कृती, तपशिलाची संदर्भसूची आणि समजावून सांगणारे विवेचन. वरच्या उदाहरणात कळपाटाचे चित्र ही संदर्भसूची, अल्पप्राण-महाप्राणांची गोष्ट हे विवेचन, आणि 'दऱ्या' असे लिहावे ही कृती. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तिका बिघडतात त्या या चारांची खिचडी केल्यामुळे, किंवा एकच प्रकार देऊन थांबल्यामुळे.

चूक झाली तर?

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे: काही बिघडल्यावर पुस्तिका बोलते की गप्प बसते? सगळे सुरळीत चालले असताना पुस्तिकेची गरज कमीच असते.

या गप्प बसण्याची किंमत किती असू शकते याचे उदाहरण 'थेरॅक-२५' या यंत्राने दिले. कॅनडातील अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीने बनवलेले हे यंत्र कर्करोगावर किरणोपचार देण्यासाठी होते आणि त्याचे नियंत्रण संगणकाकडे होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार मिळाला. त्यांतले किमान तिघे त्यामुळे दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे उपचार चालू असताना पडद्यावर 'मालफंक्शन ५४' अशी अक्षरे उमटली आणि यंत्र थांबले. चालवणाऱ्या व्यक्तीला दिलेल्या पुस्तिकेत या क्रमांकांचा अर्थ दिलेलाच नव्हता. देखभालीच्या पुस्तिकेत क्रमांकांची यादी होती, पण स्पष्टीकरण नव्हते. असे संदेश वरचेवर येत आणि 'पुढे चालू' ही कळ दाबली की काम सुरू होई, असा रोजचा अनुभव होता. त्याप्रमाणे कळ दाबली गेली. नियोजित मात्रा १८० रॅड होती. रुग्णाला १६,५०० ते २५,००० रॅड मिळाली असावी असा हिशेब नंतर निघाला.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ कारणे आज्ञावलीतील दोषांत आणि आधीच्या यंत्रांतील सुरक्षेची स्वतंत्र साधने काढून टाकण्यात होती. केवळ पुस्तिकेमुळे माणसे मेली असे म्हणणे चुकीचे होईल. पण धोक्याची सूचना पडद्यावर आली होती आणि ती वाचता येत नव्हती, हे खरे आहे. ज्या संदेशाचा अर्थ लिहिलेला नसतो, तो माणसाला सावध करत नाही. तो त्याला दुर्लक्ष करण्याची सवय लावतो. शाळेच्या संगणकावर लाल चौकटीत आलेला संदेश न वाचता 'ओके' दाबणारे आपण सर्वजण हीच सवय अंगी बाणवत असतो.

स्वतःचे दोष सांगणारी पुस्तिका

उलट बाजूचे उदाहरणही आहे. युनिक्स या प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केली. तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला थोडीच जागा आणि ठरलेले मथळे: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली, चुकांचे संदेश. शेवटी एक मथळा असे, 'बग्ज', म्हणजे या आज्ञेत आम्हांला ठाऊक असलेले दोष. आज्ञा कोणाची जबाबदारी आहे तेही पानावर असे.

विकणारा माणूस आपल्या मालाचे दोष छापत नाही. शास्त्रज्ञ छापतो; मोजमापासोबत त्रुटीची मर्यादा लिहिल्याशिवाय त्याचा निबंध स्वीकारला जात नाही. ही पुस्तिका या दुसऱ्या परंपरेतली आहे. डग मॅकिलरॉय यांनी सांगितलेली त्या गटातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: एखादी गोष्ट पुस्तिकेत नीट सांगता येईना, की पुस्तिकेऐवजी आज्ञावलीच सुधारली जाई. जे सरळ सांगता येत नाही ते बहुधा सरळ बनलेलेच नसते. म्हणजे पुस्तिका लिहिणे ही आज्ञावलीची एक तपासणीच झाली.

डोनाल्ड कनुथ यांनी तर आपल्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देण्याचा प्रघात पाडला. २५६ सेंट का, हे संख्यापद्धती शिकवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना विचारून पाहावे. रक्कम लहान आहे. पण पुस्तकातली चूक ही आज्ञावलीतल्या चुकीइतकीच खरी चूक आहे, हे तिने मान्य केले.

मराठीतला एक चांगला प्रयत्न

आता जवळचे उदाहरण. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. लिबरऑफिस, सायलॅब, जिओजेब्रा यांसारख्या मुक्त आज्ञावल्या शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ त्यात आहेत, आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. पडद्याच्या एका भागात पाठ आणि दुसऱ्या भागात प्रत्यक्ष आज्ञावली ठेवून, पाठ थांबवत थांबवत हाताने करून शिकायचे, अशी पद्धत आहे. पाठ मुक्त परवान्याने दिलेले असल्यामुळे शाळेला ते वाटता येतात.

या प्रकल्पातील दोन गोष्टी आम्हांला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली, आवाज मराठीत पण पडदा इंग्रजीत. वरवर पाहता ही तडजोड वाटते. पण शिकणाऱ्याला पुढे त्याच इंग्रजी पडद्यापुढे बसायचे असते. त्यामुळे समजणे मराठीत होते आणि कळीचे नावही ओळखीचे होते. दुसरी, पाठाची संहिता आधी लिहिली जाते आणि विषय ठाऊक नसलेल्या नवख्याकडून ती तपासून घेतली जाते. त्याला एकट्याने ते काम जमले पाहिजे. तज्ज्ञाला आपण काय गाळतो ते दिसत नाही, म्हणून ही तपासणी अत्यंत आवश्यक आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दृक्‌श्राव्य पाठ शिकायला चांगला, शोधायला अवघड. 'तक्त्यातली ओळ कशी वाढवायची' एवढेच हवे असलेल्या माणसाला दहा मिनिटे ऐकावे लागते. संहिता लिखित स्वरूपात ठेवलेल्या आहेत, पण त्या बोलण्यासाठी लिहिलेल्या आहेत. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची त्यांची जागा भरून काढू शकली असती. दुसरी मर्यादा काळाची. लिबरऑफिसचे सुरुवातीचे पाठ ३.३.४ या आवृत्तीवर केलेले होते, पुढे ६.३ आवृत्तीसाठी नवे करावे लागले. लिखित पानात एक ओळ बदलता येते, ध्वनिमुद्रण पुन्हा करावे लागते. मात्र कोणती आवृत्ती वापरली आहे हे प्रत्येक पाठ सुरुवातीलाच सांगतो, हा प्रामाणिकपणा अनेक छापील पुस्तकांत नसतो. वरच्या चार प्रकारांच्या भाषेत सांगायचे तर मराठीला 'धडे' मिळाले आहेत. 'कृती', 'सूची' आणि 'विवेचन' यांची वाण आहे.

काही आक्षेप

'चांगल्या सॉफ्टवेअरला पुस्तिकाच लागत नाही' असे म्हटले जाते. साध्या कामापुरते ते खरे आहे. पण 'दऱ्या' कसे लिहावे हे कोणत्याही चित्रावरून सुचत नाही. ते सांगावेच लागते. 'सांगितले तरी कोण वाचतो?' हा दुसरा आक्षेप. लोक वाचत नाहीत, कारण पूर्वी जेव्हा वाचले तेव्हा उत्तर मिळाले नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि घरोघरी वाचले गेले. वाटी आणि चमचा ही मापे प्रत्येक स्वयंपाकघरात होती, आणि त्या मापांनी केलेला पदार्थ जमत होता. आईपासून दूर संसार करणाऱ्या मुलीला विचारायला कोणी नसताना त्या पुस्तकाने उत्तर दिले. मराठीत पुस्तिका वाचली जात नाही असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण आठवावे.

तिसरा आक्षेप नवा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की उत्तर मिळते, मग पुस्तिका कशाला? ही साधने उपयोगी आहेत. पण ती शिकतात तीही कोणीतरी लिहिलेल्या मजकुरावरूनच. मराठीत लिहिलेलेच थोडे असेल तर मराठीतल्या प्रश्नाला मिळणारे उत्तरही तितकेच कच्चे असण्याचा धोका आहे. शिवाय चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठामपणे देऊ शकतात. ते पडताळायला काहीतरी अधिकृत, तारीख-आवृत्ती असलेले लिखाण हवेच. नाहीतर जुन्या जॉबरच्या जागी एक नवा, अधिक गोडबोल्या जॉबर येईल इतकेच.

शाळेत काय करता येईल?

पुस्तिका कंपन्यांनी आणि सरकारने द्यायला हवी, ही मागणी आपण सोडता कामा नये. कोणतीही संगणकीय व्यवस्था शाळांवर लागू करताना तिची मराठी पुस्तिका, चुकांच्या संदेशांच्या अर्थासह, त्याच दिवशी मिळाली पाहिजे. पण हात बांधून बसण्याचेही कारण नाही. २०१५ साली राज्यात 'सरल' ही विद्यार्थ्यांच्या माहितीची व्यवस्था आली, तेव्हा अनेक शिक्षकांनी स्वतः पायरीपायरीने टिपणे लिहून एकमेकांना पाठवली. ज्याला कालच अडले होते त्याने आज दुसऱ्यासाठी लिहिलेले हे लेखन होते. शिक्षकाइतका चांगला पुस्तिकालेखक मिळणे कठीण आहे, कारण न कळणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे हेच त्याचे रोजचे काम आहे.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुचवतो. संगणकावरचे एक छोटे काम निवडा. उदाहरणार्थ, गुणांच्या तक्त्यातून सरासरी काढणे, किंवा 'सूर्य' आणि 'सुऱ्या' हे दोन्ही शब्द बरोबर लिहिणे. एका गटाने त्याची एक पानाची पुस्तिका लिहावी. तिच्यात चार गोष्टी असाव्यात: काम करण्याच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसले पाहिजे, नेहमी होणाऱ्या दोन चुका व त्यांवरचे उपाय, आणि आज्ञावलीची आवृत्ती व तारीख. मग ते पान ज्याने हे काम कधी केलेले नाही अशा विद्यार्थ्याला द्यावे. लिहिणाऱ्या गटाने शेजारी उभे राहावे, पण एक शब्दही बोलू नये. तो जेथे अडेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्या जागा सुधारून पान तिसऱ्या विद्यार्थ्याला द्यावे.

ही वैज्ञानिक पद्धतच आहे: गृहीतक, चाचणी, दुरुस्ती. शिवाय हा मराठीच्या तासाचाही भाग आहे, कारण 'तेथे जा' मधले 'तेथे' म्हणजे कोठे, 'ते दाबा' मधले 'ते' म्हणजे काय, हे येथे दुसऱ्याच्या अडखळण्यावरून ताबडतोब कळते. एकाच कामाला पहिल्या ओळीत 'जतन करा', पुढे 'साठवा' आणि शेवटी 'सेव्ह करा' असे लिहिले तर वाचणारा तीन वेगळ्या कळा शोधत बसतो, हेही मुलांच्या ध्यानात येईल. वर्षअखेर अशी दहा-बारा पाने जमली की ती शिवून संगणकाच्या शेजारी ठेवावीत, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'यातले आम्हांला ठाऊक असलेले दोष' असा एक मथळा राखून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तेथूनच सुरुवात करावी.